गव्हाणीवरचं कापड

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेले नाही. जन्मभर पहिलीच्या पोरांना शिकवलंय, त्यामुळे थाप कुठली आणि खरं कुठलं हे मला चांगलं कळतं.

ही थाप नाही.

हे माझ्या बाबतीत घडलंय. माझ्या आणि माझ्या मुलीच्या.

दिवस नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा. वेळ दिवेलागणीची. जागा, सिस्टर लोकांच्या प्राथमिक शाळेतला मागचा व्हरांडा, प्रार्थनाघराच्या दाराबाहेरचा.

आधी तिथली पद्धत सांगते, म्हणजे माझी चूक कळेल.

नाताळाआधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ. तेवढे दिवस त्या व्हरांड्यात एक लाकडी गव्हाण मांडलेली असायची. रिकामी. बाळ येशूची मूर्ती नाताळच्या रात्रीच तिच्यात ठेवायची, त्याआधी नाही. तोवर बाळाचं अंथरूण मुलांनी तयार करायचं. एक चांगलं काम केलं की पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची. आमची पोरं एरवी एकमेकांत काड्या घालण्यात पटाईत, पण या दिवसांत अगदी गुणी बाळं व्हायची.

मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, यांचे दोन नियम होते. काडी बाईंनी स्वतःच्या हाताने द्यायची. आणि शाळा सुटली की गव्हाणीवर कापड घालायचं.

"रिकामं अंथरूण उघडं ठेवू नये," एवढंच म्हणायच्या.

मी मनात हसायचे. म्हातारीची शिस्त!

त्या वर्षी मोठ्या सिस्टर पडल्या आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. गव्हाणीचं काम माझ्याकडे आलं. खोटं कशाला बोलू, सासूबाई गावाला गेल्यावर सुनेला बरं वाटतं ना, तसं मला वाटलं.

पहिल्याच आठवड्यात पोरांनी डोकं उठवलं. "बाई, मी त्याला रबर दिलं, मला काडी." "बाई, हा खोटं बोलतो, रबर माझंच होतं." शेवटी मी पेंढ्याचा भारा गव्हाणीशेजारीच ठेवून दिला. म्हटलं, "ज्याने चांगलं काम केलं, त्याने आपली आपण काडी टाकायची. देव बघतोय. माझं डोकं खाऊ नका."

आणि कापड? ते धुवायला म्हणून घरी नेलं आणि दोरीवरच राहिलं.

माझी मुलगी त्याच वर्गात होती. एका जागी पाय ठरत नसे, म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणायचो. शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असा माझा दंडक होता. तिने तो इतका मनावर घेतला होता, की घरीसुद्धा चुकून बाई म्हणायची आणि तिचे बाबा पोट धरून हसायचे.

सोमवारी सकाळी शिपाईकाकांनी मला हाक मारली.

"बाई, जरा इकडे बघा."

गव्हाणीतल्या पेंढ्याला मधोमध खोलगा पडला होता.

कुणीतरी अंगाचं मुटकुळं करून झोपून उठावं, तसा.

"शाळेची मांजर असेल," मी म्हटलं.

शिपाईकाकांनी डोकं खाजवलं. "मांजर एवढी मोठी? आणि बाई, मांजर तर कधीपासून या व्हरांड्यात फिरकतच नाही. दूध ठेवलं तरी येत नाही."

खरंच होतं. आणि खोलगा मांजराएवढा नव्हता. बाळाएवढाही नव्हता.

पहिलीतल्या पोराएवढा होता.

मी हाताने पेंढा सारखा केला. पेंढा वरून गार होता, पण खोलग्यात...

खोलग्यात त्याहून गार होता. बर्फासारखा.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

मग पेंढ्यात वस्तू सापडायला लागल्या. एक हातमोजा. अर्धं बिस्किट. कुणाची तरी मफलर, नीट घडी केलेली. मी वर्गात दरडावून विचारलं, "हे कुणाचे उद्योग?"

वर्ग चिडीचूप.

तुम्ही पहिलीचा वर्ग चिडीचूप झालेला कधी पाहिलाय? मी नव्हता पाहिला.

शेवटी एक दात पडलेला मुलगा उठला. "बाई, त्याला थंडी वाजते."

"कुणाला?"

तो खाली बसला. सगळे भिंगरीकडे बघायला लागले.

भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. शांत. पाय जमिनीवर टेकवून, अगदी स्थिर बसलेली. मी पहिल्यांदा घाबरले ती तेव्हा.

त्या रात्री तिचे केस विंचरताना फणीत पेंढ्याची काडी आली. कालही आली होती. तिचे हात हातात घेतले तर गारठलेले.

"भिंगरे, तू त्या गव्हाणीत जाऊन बसतेस का गं?"

"नाही. मी नुसती बाजूला बसते. मधल्या सुट्टीत."

"कशाला?"

"त्याची सोबत करायला. तो म्हणतो, सुट्टी लागली की सगळे घरी जातात. मग तो एकटाच राहतो." थोडं थांबून म्हणाली, "तो म्हणतो, या वर्षी तू राहा."

माझा हात थांबला.

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले." ती माझ्याकडे वळली. "तूच तर सांगितलंस वर्गात. ज्याला कुणी नाही त्याची सोबत करणं हे सगळ्यात मोठं चांगलं काम."

सांगितलं होतं. फळ्यावर लिहूनसुद्धा दिलं होतं.

मी तिला रागावले. नुसते मनाचे खेळ म्हणाले. भीती वाटली की मी रागावते, हा माझा स्वभावच आहे. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तिला माझ्याजवळ बसवायला लागले. दोरीवरचं कापड आणून गव्हाणीवर घातलं.

सकाळी ते कापड जमिनीवर पडलेलं असायचं. नीट घडी केलेलं.

कसेबसे ते दिवस काढले. मनात एकच होतं... सुट्टी लागू दे, पोरीला घेऊन घर गाठू दे.

शेवटच्या दिवशी नाताळचं नाटक होतं. भिंगरी त्यात तारा झाली होती. दोन्ही हातांना मीच चंदेरी रंग फासला होता. नाटक छान झालं, टाळ्या पडल्या, पालक मुलांना घेऊन निघाले. मी दारात उभी राहून शुभेच्छा देत होते. भिंगरी माझा पदर धरून उभी होती.

एका पालकाने काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं.

खाली बघितलं... तर पदर मोकळा.

मी हाक मारली. वर्गात पाहिलं. कपडे बदलायच्या खोलीत पाहिलं. संडासाची दारं एकेक करून उघडली. बाहेर अंधारून आलं होतं. शिपाईकाका फाटकाकडे धावले, मी मागच्या व्हरांड्याकडे.

व्हरांड्यातला दिवा लागत नव्हता.

गव्हाणीपाशी तिच्या चपला होत्या. घराबाहेर काढतात तशा, जोडीने ठेवलेल्या.

आणि गव्हाण काठोकाठ भरली होती. सकाळी अर्धीसुद्धा नव्हती. भारा होता तस्साच बाजूला पडला होता.

"भिंगरी?"

पेंढा सळसळला. झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

मी दोन्ही हात आत घातले. गव्हाण माझ्या गुडघ्याएवढी, उथळ. तळ लगेच हाताला लागायला हवा होता. हात कोपरापर्यंत गेले. मग खांद्यापर्यंत. माझा गाल पेंढ्याला टेकला... तरी तळ नाही.

आणि मग एक हात लागला.

लहानसा. मी तो घट्ट पकडला आणि वर ओढला. पेंढ्यातून मनगट बाहेर आलं. पाठोपाठ बोटं.

बोटांवर चंदेरी रंग नव्हता.

त्या बोटांनी माझी बोटं धरली.

मी हात सोडवून घेतला, कसा ते आठवत नाही, आणि पुन्हा आत घातला. चाचपडले. सापडला. रंगाने चिकट झालेला, माझ्या लेकीचा हात. मी ओढला.

तो येईना.

मी ओढत होते आणि पलीकडून कुणीतरी ओढत होतं. जोराने नाही. लहान मूल आपलं खेळणं सोडत नाही, तेवढ्याच हट्टाने.

आतून भिंगरीचा पेंगुळलेला आवाज आला. "बाई... हळू. तो उठेल."

आई म्हण गं, आई म्हण! मला रडू फुटलं. देवाचं नाव घ्यायचं सोडून मी त्या पेंढ्याशी बोलायला लागले. पोरांना समजावते तशी.

"सोड तिला, राजा. ती लहान आहे. तिला घरी जायचंय. मी येईन तुझ्याकडे. आगमनकाळात रोज संध्याकाळी येईन. गोष्ट सांगेन. सोबत करेन. पण तिला सोड."

सगळं थांबलं.

मग पलीकडची ओढ हळूच सुटली.

भिंगरी माझ्या अंगावर आली. गारठलेली, पण श्वास चालू. तिला उराशी धरून मी बसकण मारली. शिपाईकाका कंदील घेऊन आले तेव्हा गव्हाण अर्धीच भरलेली होती. त्यांनी पेंढा उचकटून पाहिला.

खाली फळ्या. बाकी काही नाही.

भिंगरीला दुसऱ्या दिवशी काही आठवत नव्हतं. पुन्हा पाय ठरेना, पुन्हा घरभर दंगा. मी कुणाला बोलले नाही.

सुट्टीनंतर मोठ्या सिस्टर काठी टेकत शाळेत आल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"कापड राहिलं का गं?"

मी मान हलवली.

"मग काय कबूल केलंस?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"मी इतकी वर्षं कापडावर भागवत होते," म्हणाल्या. "आता तुला जावं लागेल, पोरी."

तो कोण, कुणाचा, हे मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. की सांगायचं नव्हतं, देव जाणे. पुढे त्या गेल्या आणि विचारायला कुणी उरलं नाही.

मी मात्र शब्द पाळला. आगमनकाळातली एकही संध्याकाळ चुकवली नाही. तापात गेले. हे वारले त्या वर्षीसुद्धा, शेजारणी नावं ठेवत असताना, गेले. शाळा रिकामी झाली की गव्हाणीपाशी स्टूल घ्यायचं आणि गोष्ट सांगायची. ससा, कासव, राजा, राणी. कापडाखाली सगळं स्तब्ध असायचं. मी मध्येच थांबले तर तेवढी एक सळसळ व्हायची... पुढे सांग, म्हणून.

खरं सांगू? काही वर्षांनी माझी भीती गेली होती. माझा आवाज तो जितका मन लावून ऐकायचा, तितका वर्गात कुणी ऐकला नाही.

यंदा उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. नवीन मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, पण शिस्तीच्या. मुलांच्या सुरक्षेसाठी बाहेरच्या माणसाला शाळेत प्रवेश नाही. मी फाटकाशी हात जोडले. रखवालदार नवा, त्याचा तरी काय दोष? "आजी, शाळा बंद झाली. उद्या ऑफिसात या," म्हणाला.

परवा आगमनकाळ सुरू झाला. परवा मी फाटकावरून परत आले. काल परत आले. आज गेलेच नाही, कारण आज भिंगरी आली. पहिलं बाळंतपण आहे, दिवस भरत आलेत. जिने चढून दमली, म्हणून तिला आतल्या खोलीत झोपवलं.

मी इथे स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. घरात आम्ही दोघीच आहोत. ती झोपल्यापासून मी तोंडातून शब्द काढलेला नाही, तिची झोप मोडू नये म्हणून.

आत्ताच तिने आतून हाक मारली. आवाज झोपेतला होता. हसरा होता.

"आई, इतक्या हळू काय बोलतेस? आणि पोटावरचा हात काढ ना, किती गार आहे. गोष्ट सांग हवं तर, आम्ही ऐकतोय."