अर्ध्या कापडाची चोरी

चोराने अर्धंच कापड नेलं होतं.

कलादालनाचे मालक बांकोले यांनी उरलेलं अर्धं टेबलावर पसरलं आणि कपाळाला हात लावला. खाली औषधाचं दुकान, वर मोरोलाके बाईंची तपासाची कचेरी. साऱ्या अबेओकुटा शहराची दुखणी या एकाच जिन्याने चढत.

"इया तितीचं शेवटचं कापड, बाई! उद्या प्रदर्शन. दोन पट्टे शिवून एक कापड झालं होतं. त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत कुलपात टांगलेलं. कुणीतरी शिवण उसवून एक पट्टा नेला. कुलूप शाबूत. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. ती त्यांची लेक तितीच वापरते. संध्याकाळपर्यंत पट्टा मिळाला नाही, तर मी पोरीला पोलिसांत देणार."

"चोर घाईत असणार," लासिसी म्हणाला. निवृत्त हवालदार, आता बाईंची गाडी हाकायचा आणि न विचारता मतं द्यायचा. "दुसरा पट्टा घ्यायला वेळ मिळाला नसेल."

"एकेक टाका उसवायला वेळ होता, घडी घालायला नव्हता?" बाई कापडावर वाकल्या. "रेघ बघ. केसाएवढी, कुठेही थरथर नाही."

"पंचाहत्तरीतला हात आहे!" बांकोले म्हणाले, जणू हात त्यांचाच होता.

निळीच्या रांजणांपाशी रंगारीण सेफियातू भेटली. कोपरापर्यंत निळी.

"माझ्यावर संशय? मी बोट लावलं तरी डाग पडतो, हवालदार. आणि टोपी सांभाळा, रांजणात पडली तर फुकट रंगवून देणार नाही."

"दोन्ही पट्टे तूच रंगवलेस?" बाईंनी विचारलं.

"यंदा एकच आला. किती बुचकळ्या दिल्या विचारा! तिती डोक्यावर उभी. अजून गडद कर, अजून गडद. कशाने तिचं समाधान होईना."

"खळीची नक्षी दोन्ही अंगांनी उठते का गं?" लासिसीने विचारलं.

"अरे देवा! बायको नुसतं जेवूच घालते, काही शिकवत नाही वाटतं? पिसाने खळ लावतात ती एकाच अंगाला. तिथे रंग चढत नाही. उलटं अंग निव्वळ निळं."

घरी तिती अंगणात कसावाची खळ गाळत होती. पस्तिशीची, शांत.

"शोधू नका, बाई. गेलं ते गेलं."

"बांकोले तुला आत टाकेल."

"टाकू दे. आईला मात्र यातलं काही बोलू नका."

लासिसीने बाईंना कोपराने ढोसलं. त्याच्या मनात खटला चालून निकालही लागला होता.

आत इया तिती बुटक्या स्टुलावर बसली होती. भिंतीवर, उशीवर, दारावर नक्षीच नक्षी. म्हातारीच्या कमरेला मात्र साधं निळं वस्त्र. मोरोलाके बाईंनी वडीलधाऱ्यांपुढे टेकायचे तसे दोन्ही गुडघे टेकले. लासिसीने कंबरदुखीचं निमित्त करून नुसता हात जमिनीला लावला.

"वाक रे मेल्या, मोडणार नाहीस," इया म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी पाण्याची वाटी पुढे केली. अर्धं पाणी चटईवर सांडलं. तितीने मुकाट्याने पुसलं.

बाई अजून गुडघ्यांवरच होत्या. "नेसूच्या काठाला भोकं पडलीत, इया."

"जुनं आहे. माझ्यासारखंच."

बाईंनी बांकोलेंना तिथेच बोलावून घेतलं.

"विकणारा चोर अर्धं कापड नेत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याने अर्धंच नेलं, त्याच्या लेखी ही दोन वेगळी कापडं होती. सेफियातूकडे यंदा एकच पट्टा आला, म्हणजे दुसरा आधीच रंगलेला, जुना. त्याच्याशी जुळावा म्हणून तिती नवा गडद करून घेत होती. आणि बांकोले, ज्या हातात वाटी राहत नाही, त्या हाताने ही केसाएवढी रेघ ओढली?"

बांकोले पायांकडे बघू लागले.

"जुना पट्टा आईचा, हात चांगला होता तेव्हाचा. नवा मुलीचा. नाव मात्र एकच लावलंत."

"पण पट्टा कुठाय?" लासिसी रडकुंडीला आला.

"कसर लागली तर भोकं कुठेही पडतात. ही एका रांगेत आहेत, सारख्या अंतरावर. शिवणीची. गुडघे टेकले असतेस तर तुलाही दिसली असती. इया, नेसूचं टोक उलटा बघू."

म्हातारीने टोक उलटलं. आतल्या अंगाला पांढऱ्या पक्ष्यांची रांग होती.

"माझंच घेतलं मी," इया ठसक्यात म्हणाली. "या बांकोलेला दोनदा सांगितलं, पोरीचं नाव लाव. म्हणतो, लोक तुमच्या नावाला येतात. म्हटलं, माझा पट्टाच काढून घेते, मग बघू कुणाचं नाव लावतोस! उसवायला तीन दुपारी लागल्या. सारं गाव मला इया तिती, तितीची आई म्हणून हाक मारतं, आणि कापडावर तिती कुठेच नाही?"

"पण इया, हे बांकोले तर तितीला पोलिसांत देणार होते," लासिसी बोलून गेला.

"काय?" म्हातारी लेकीकडे वळली. "मला का नाही सांगितलंस?"

"तुझं नेसू धुतं कोण, आई? मला कालच कळलं होतं," तिती म्हणाली. "पीस कसं धरायचं ते तू शिकवलंस. हात तुझाच आहे. नाव कुणाचं का असेना."

"हात दिला तो मिरवायला, माझ्यामागे लपवायला नाही. माझ्या आईने मला दिला, तेव्हा माझं नाव पुसलं नव्हतं. तुझ्यामुळे माझं अर्धं राहिलेलं कापड पुरं झालं, पोरी. त्याचे उपकार मी कुणाच्या नावाने मानू?"

बांकोले खाकरले. "प्रदर्शनाला सबंध कापड हवं, इया."

"मग लिही."

तिथेच, गुडघ्यावर पाटी धरून त्यांनी कापडाला लावायची चिठ्ठी लिहिली, तितीची माफी मागितली आणि दोघींची नावं वाळायला ठेवली. इयाला वाचता येत नव्हतं.

"हवालदार, वाच रे."

लासिसीने आधी तितीचं नाव वाचलं, मग इयाचं.

"माझं ठाऊक आहे मला," म्हातारी म्हणाली. "पहिलं वाच."

त्याने वाचलं.

"परत," ती म्हणाली.