मरियमची हरकत

दौंड-शिरूर एस.टी.त एक माणूस माझ्या शेजारी बसला आणि बसल्या बसल्या झोपला. बरं, झोपला तर झोपला, पण डोकं माझ्या खांद्यावर! भर दुपारी, भरल्या गाडीत, शाळेतल्या बाईच्या खांद्यावर! मी कोपर मारलं, खोकले, पिशवी मध्ये सरकवली... गडी ढिम्म. दौंडच्या रेल्वे कॉलनीत बाबांना भेटून मी शिरूरला, आमच्या मिशनच्या शाळेत परत निघाले होते. शिरूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा कुठं साहेब जागे झाले.

“न्हावरं आलं?”

“येऊन गेलं. हे शिरूर.”

“अरे देवा! तुम्ही उठवायचं तरी—”

“मी काय कंडक्टर आहे?”

तो हसला. डोळे लाल, सदऱ्यावर चिखल, पण हसणं मात्र... जाऊ दे. मी तरातरा घरी आले, तर कृपाआत्या विचारते, “एकटीच काय हसतेस गं?”

चार दिवसांनी तो पत्ता काढत शाळेच्या फाटकाशी हजर. सायकल, घाम आणि रुमालात बांधलेले पेरू.

“हे काय?”

“खांद्याचं भाडं.”

“आगाऊ आहात!”

“भाडं आगाऊच द्यायला हवं होतं. उशीर झाला.”

नाव नथानिएल रणपिसे. शेतकऱ्यांना विहिरींसाठी कर्ज देणाऱ्या बँकेत तो तपासनीस होता आणि तिशीच्या आत मॅनेजर व्हायचं त्याच्या मनात होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील, न्हावऱ्याचे जयसिंगमामा, त्याचं नाव काढलं की थांबतच नसत. “बाई, आदीचं सायेब झाडाखाली चा प्यायचं आन् सही करायचं. ह्यो दोर धरून खाली उतरतुया! झऱ्याला हात लावल्याबिगर कर्जाची बातच न्हाई.”

मी त्याला विचारलं, “खरंच उतरता?”

“कर्ज विहिरीच्या जिवावर द्यायचं, मग तिची विचारपूस नको करायला?” तो इतक्या साधेपणानं म्हणाला की मी बघतच राहिले. अशा माणसावर जीव जडणार नाही तर कुणावर जडणार, तुम्हीच सांगा.

फाटकाशी दोन मिनिटं उभं राहायचं, तेवढ्यात बोलायचं, की निघाला सायकलवर. एकदा मात्र निघता निघेना. घंटीशी चाळा करत म्हणाला, “मरियमबाई, मला तुमच्याशी... म्हणजे तुमची हरकत नसेल तर...”

“वाक्य पूर्ण करा, साहेब. मुलांना मी हेच शिकवते.”

“लग्न कराल माझ्याशी?”

पूर्ण झालं वाक्य! मी मान डोलावली आणि वर्गात पळाले. त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं ते देवालाच ठाऊक.

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी पाळकसाहेब सूचना वाचतात. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलंय, कुणाची हरकत असेल तर सांगा. पहिल्या रविवारी मी नवी साडी नेसून बसले, तर पुरुषांच्या बाजूला त्याची जागा रिकामी. गेला होता विहिरी बघायला. दुसऱ्या रविवारीही तेच. बाया माझ्याकडे बघून कुजबुजल्या.

आणि मग त्याच आठवड्यात जयसिंगमामा शाळेत आले. चेहरा उतरलेला. “बाई, हात सुटला सायेबांचा दोरावरनं. म्या मनगट धरलं म्हून वाचलं. झोपच न्हाई वो त्या मानसाला!”

संध्याकाळी तो आला तो हसतच. “काही झालं नाही, उगाच घाबरता.” “रविवारी या,” मी म्हटलं. “मला दुसरं काही नको.” त्यानं शब्द दिला.

तिसरा रविवार. बाक रिकामा. पाळकसाहेबांनी चष्मा सावरला, सूचना वाचली आणि विचारलं, “कुणाची हरकत?”

“माझी आहे,” मी म्हणाले आणि उभी राहिले.

आत्यानं पदर ओढला. “मरियम, बस खाली!”

“लग्न मला करायचंय ना, आत्या? मग मला बोलू दे.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात नथानिएल उभा! गुडघ्यापर्यंत चिखल, धापा टाकतोय.

“काय हरकत आहे?” त्यानं हळूच विचारलं.

“तुम्ही जे करता त्याचा मला केवढा अभिमान आहे! पण कुणाच्या तरी विहिरीच्या काठावर विधवा होऊन मला उभं राहायचं नाही.” माझा आवाज फाटला. “सातही दिवस बँकेचे. माझा कुठला?”

तो खाली बघत राहिला. “माझे वडील मिशनच्या मळ्यावर राबले. घराण्यात खुर्चीवर बसलेला मी पहिलाच. भीती वाटते, मरियम... एक दिवस थांबलो तर म्हणतील, ह्याला झेपत नाही.”

“म्हणू देत. मी आहे ना!”

त्यानं डोळे पुसले आणि पाळकसाहेबांकडे वळला. “हरकत बरोबर आहे, साहेब. माझ्यासाठी एवढं करा. पुढच्या रविवारपासून सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचा. मी पहिल्या बाकावर असेन.”

आणि होता! आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, तिन्ही रविवारी. बँकेत त्यानं साफ सांगितलं, रविवारी विहीर नाही. वरचे साहेब कुरकुरले, तर म्हणाला, सोमवारी दुप्पट नीट बघतो. मॅनेजर होणं तो सोडणार नव्हताच, आणि मला तरी त्यानं ते सोडायला कुठं हवं होतं?

शेवटच्या रविवारी जयसिंगमामाही पटका बांधून मागं येऊन बसले होते. पाळकसाहेबांनी सूचना वाचली, “कुणाची हरकत?” म्हणाले, आणि अख्खं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. बायका, पुरुष, पेटीवाले मास्तरसुद्धा. नथानिएल तर श्वास रोखून बसलेला.

मी उभी राहिले. मुद्दाम सावकाश पदर सावरला.

“आता न्हाई म्हनू नका, बाई,” मामा मागनं काकुळतीनं ओरडले, “लई सुदारलाय ह्यो!”

“नाही, पाळकसाहेब,” मी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, “माझी काही हरकत नाही. लवकर लावा लग्न.”