पट्टीचं दुसरं टोक

भूगोलाच्या बाईंनी सव्वीस वर्षं मुलांना नकाशे वाचायला शिकवले, आणि डोळे गेल्यावर त्यांना स्वतःच्याच घरात न्हाणीघर सापडेना. ही गोष्ट त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. ऐकणाऱ्याला मात्र हसावं की नाही ते कळायचं नाही.

शहर जिथं संपत आलंय, तिथल्या शेवटच्या इमारतींमागे पाण्याची टाकी आहे. टाकीपासून कालव्याच्या काठाकाठानं, एका अरुंद पुलावरून पलीकडे आणि मोठ्या रस्त्यानं परत टाकीपाशी, अशी पाच किलोमीटरची वाट. सकाळी तिथं पळणारे असतात, सायकली असतात. गेल्या वर्षापासून बाईही तिथं पळत. नाक्यावरचे सायकल-दुरुस्तीवाले काका त्यांच्या जोडीला असायचे. त्यांनीच जुन्या ट्यूबची हातभर पट्टी कापून दोन्ही टोकांना कडी करून दिली होती. एक कडं बाईंच्या मनगटात, दुसरं त्यांच्या हातात. एक झटका म्हणजे थांबा, दोन झटके म्हणजे चला. ही खूण दोघांनीच ठरवलेली.

अडचण एकच होती. लेक हट्टाला पेटली होती. "आई, पुरे झालं आता एकटीनं राहणं. माझ्याकडे चल." लेकीचं घर चौदाव्या मजल्यावर. तिथं बाईंच्या वाट्याला काय येणार, तर पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग. शेवटी बाईंनी पैज लावली. "रविवारी ये. ही फेरी पुरी केली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही केली, तर मुकाट्यानं बॅग भरते."

बोलून तर बसल्या, पण तो पूल त्यांनी एकदाही ओलांडला नव्हता. तिथं पोचलं की पाण्याचा आवाज चारी बाजूंनी यायचा आणि त्या माघारी फिरायच्या.

त्यातून मंगळवारी भांडण झालं. दुरुस्तीवाल्यांच्या तोंडाचा पट्टा पळतानाही चालूच. बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, तोंडाला एखादा ब्रेक बसवून घ्या की! दुकानात पडले असतील ढीगभर." त्यांना ते चांगलंच लागलं.

बुधवारी पहाटे साडेपाचला बाई टाकीखालच्या बाकावर येऊन बसल्या. चेहऱ्यावर गार ओल बसत होती आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज फार लांबून आल्यासारखा येत होता, म्हणजे धुकं दाट होतं. थोड्या वेळानं पट्टी ताणली गेली. कुणीतरी दुसरं कडं हातात घेतलं होतं.

"उशीर केलात," बाई म्हणाल्या.

नुसते दोन झटके बसले.

राग अजून गेला नाही वाटतं, असं मनाशी म्हणत बाई पळू लागल्या. पळताना त्यांना नवल वाटलं. रोज दुरुस्तीवाल्यांची पावलं त्यांच्या पावलांशी जुळायची नाहीत, आज इतकी जुळली होती की एकाच माणसाची पावलं ऐकू येत होती. ग्रीसचा वासही नव्हता. ओल्या शेवाळाचा येत होता. कालवा जवळ आला असेल, असं त्या धरून चालल्या.

दुसरा किलोमीटर संपता संपता समोरून घंटी वाजली. एक सायकल हळू झाली.

"मावशी, एकट्याच? एवढ्या धुक्यात? जपून हं!"

सायकल निघून गेली. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पट्टी तर ताणलेली होती... उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, घट्ट.

"कोण... कोण आहे?"

दोन झटके. अगदी हलके.

कडं काढून फेकावं असं त्यांना वाटलं. पण फेकून करणार काय? एका अंगाला पाणी, मागे दोन किलोमीटर. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. आज पाय थकले नव्हते. श्वास लागला नव्हता. त्या पळत राहिल्या.

पाण्याचा आवाज चारी बाजूंनी यायला लागला आणि एक झटका बसला. बाई थांबल्या. पट्टी बाजूकडून सरकून समोर आली.

"मला नाही जमायचं हो," त्या कुजबुजल्या. "इथं मला फार भीती वाटते..."

पट्टी तशीच राहिली. ओढ नाही, घाई नाही. खूप वेळानं बाईंनी स्वतःच पाऊल उचललं. पायाखाली लाकूड वाकलं. एक पाऊल, मग दुसरं. अठरा पावलं त्यांनी मोजली आणि मग बुटाखाली खडी वाजली. पूल मागे पडला होता. बाई तिथंच हसल्या, हसता हसता रडल्या, आणि पट्टीला दोन झटके या वेळी त्यांनी दिले.

टाकीपाशी पोचल्यावर दुसरं कडं सैल होऊन गुडघ्यावर आपटलं. ते ओलं आणि गार होतं.

तेवढ्यात सायकल ढकलत, धापा टाकत दुरुस्तीवाले आले. "बाई! आज वाट बंद आहे! पाइपच्या कामाला काल पूल उखडलाय, नुसती दोन वीत रुंदीची फळी टाकलीय. तेच सांगायला निघालो तर माझंच चाक पंक्चर... तुम्ही कुठून आलात?"

"त्या फळीवरून."

"एकट्या?"

"एकटी नव्हते."

दुरुस्तीवाल्यांनी कडं हातात घेऊन पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलायला काही सुचलं नाही.

रविवारपर्यंत फळीशेजारी आणखी फळ्या पडल्या, कठडा आला. लेक आली. दुरुस्तीवाल्यांनी कडं धरलं, लेक सायकलवरून मागे राहिली. बाईंनी फेरी पुरी केली. पुलावर तर त्या थांबल्याही नाहीत.

लेकीनं येऊन गळ्यात हात टाकले. "जिंकलीस गं आई. राहा इथंच. मीच येत जाईन." बाईंनी तिचे ओले गाल पुसले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"पण आई, काकांनी पट्टी धरली होती ते ठीक. ती दुसरी बाई कोण?"

"कुठली दुसरी?" दुरुस्तीवाल्यांनी विचारलं.

"अहो, ती पुढे पळत होती ना. अनवाणी, ओलीचिंब. आईकडे तोंड करून, उलट्या चालीनं, पाच किलोमीटर. तुमच्या नाकासमोर तर होती!" लेकीचा आवाज खाली आला. "एकदाही अडखळली नाही. आणि आई... तिचे डोळे मिटलेले होते."