बायजाक्काचा हात

तुम्ही याला कहाणी म्हणाल. पण देवापुढं दिवा लावून सांगतो, यातलं अक्षरही खोटं नाही. गेल्या कार्तिकात, आमच्या रामनगरात, माझ्या थोरल्या भावासोबत हे घडलं.

नागूदादाच्या हृदयाची तपासणी बेळगावला झाली. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत घातली होती. घरी आला आणि जांघेत, नळीच्या जागीच, लिंबाएवढी गाठ उठली.

गाठ उडत होती...

नाडीसारखी.

आमच्याकडे गाठ, लचक चोळायची ती बायजाक्का. ती वारून दोन वर्षं झाली, तरी तेल लावताना तिचं नाव घ्यायची रीत आहे. केशरवहिनीनं तेल लावलं, हात जोडले.

"आक्का, हात लाव गं. गाठ फोडूनच जा."

"अय्यो, नको! तिचा हात म्हंजे रेडा बसल्यागत," दादा हसला.

सकाळी जांघ काळीनिळी. गाठ नारळाएवढी.

तसंच बेळगाव गाठलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर धमनीला भोक दिसलं. भोकाबाहेर लाल-निळ्या रंगांत रक्त भोवऱ्यागत फिरत होतं.

"चोळलंत?" डॉक्टरबाई ओरडल्या. "हे साठलेलं रक्त आहे! फुटलं तर पाय जाईल, जीवही जाईल. दाबून भोक बंद होतंय का बघते."

मशीनचा दांडा त्यांनी गाठीवर रोवला. भोवरा मंदावला. मी मोठ्यानं विठ्ठलनाम सुरू केलं.

तेवढ्यात... दांड्याशेजारी कातडी दबली.

चार बोटं. मग अंगठा.

तिथं कुणाचाच हात नव्हता!

"आक्का, सोड! मरतूय मी!" दादा किंचाळला.

बोटं माझ्या नामाच्या ठेक्यावर मळू लागली. मी गप्प झालो.

ती थांबली नाहीत.

कातडी फाटली. रक्त भिंतीवर उडालं. बाईंनी मूठ आत घालून धमनी दाबली. कुणीतरी ती मूठ उचकटत होतं...

कड्!

बाईंचं बोट मोडलं. तरी त्यांनी हात काढला नाही.

दादा वाचला. पाय मांडीपासून कापावा लागला.

काल दुपारी त्याला बघायला गेलो. पाय नाही तिथं चादर सपाट होती.

ती दबली...

पुन्हा दबली.

"न्हाई त्या पायाला चोळतीया रे," दादा घामानं भिजला होता. "गाठ फुटली, आता जा, असं तिला कोण सांगणार?"

"मी सांगून दमले, भावोजी," वहिनी रडत म्हणाली.

चादरीवरचा खळगा वर सरकला. पोटाकडे. मग छातीकडे.

माझ्या ओठांवर नाम आलं होतं. मी ते उच्चारलं नाही...

ठेका तिला मिळाला असता.