ढोलाने खाल्लेले सूर

बंधूच्या एका पत्राला मी सव्वीस वर्षं उत्तर दिलं नाही.

पुढचं सगळं खरं घडलंय. माझ्या वयावर, माझ्या भित्रेपणावर शंका घ्या, मीही घेतो. पण पुतणीनेही ते ऐकलंय.

बंधू म्हणजे माझा भागीदार. आम्ही नाणं टाकून खेळायचे व्हिडिओ गेम बनवायचो. तो यंत्रं जुळवायचा, मी धून रचायचो. गेमच्या चिपला एका वेळी तीनच आवाज काढता यायचे. ढोल वाजवायचा तर खालच्या सुराचा आवाज क्षणभर उसना घ्यावा लागे. तेवढा सूर गळायचा.

“खाल्ला बघ ढोलाने!” बंधू हसायचा.

आमचा एक गेम गाजला. पडद्यावर संगीतकाराचं नाव आलं... बंधूचं.

दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलो नाही, एवढंच.

पुढे कधीतरी पत्र आलं. ‘धून तुझी होती. माफ केलंस का? एक ओळ लिही.’

गेल्या महिन्यात तो वारला. वहिनींनी आमचं जुनं सर्किट माझ्याकडे पाठवून दिलं. रविवारी, भर दुपारी, मी ते टेबलावर जोडलं.

धून सुरू झाली.

पण... एकही सूर गळत नव्हता.

ढोल वाजत होता. खालचा सूरही.

पुतणी दारात आली. “काका, खालच्या पट्टीत कोण गुणगुणतंय? तुम्ही?”

“मी कसला गातोय!”

“तेच म्हटलं, सुरात कसं काय!”

मी वीज बंद केली. चिपच उपटून हातात घेतली.

शांतता.

मग... एक खालचा सूर. जरा थांबून दुसरा.

ढोलाने खाल्लेले तेवढेच. बरोबर आपापल्या जागी.

पुतणीचं हसू मावळलं. “काका, बंद करा ना.”

“बंदच आहे गं.”

शेवटच्या सुराआधी ते थांबलं. कुणी श्वास रोखून वाट पाहावी, तसं...

मी कागद ओढला. माफ केलं, असं लिहिणं सोपं होतं. पण मेलेल्याशी खोटं बोलायचं धाडस माझ्यात नाही.

‘बंधू, नाही केलं. नुसती मागितली असतीस, तर ती धून मी तुला देऊन टाकली असती.’

पत्ता त्याच्याच घराचा घातला.

आज सकाळी टपालपेटीपाशी गेलो, तेव्हा पोस्टमन माझ्यासमोरच पेटी रिकामी करून निघाला. मी पाकीट फटीतून आत सोडलं. कान लावून उभा राहिलो.

ते पडल्याचा आवाज आलाच नाही.