बंद मोटरीचा शॉक

अनुजा पाटकर सोमवारी सकाळी नऊला आली ती दारातूनच बोलत आली.

"ताईनू, तीन वाजता विजेचे इन्स्पेक्टर साहेब शेडीर येतत. तोपर्यंत काय झाला नाय तर आमच्या ह्यांचा परमिट गेला, आणि हे गेले तुरुंगात!"

भक्ती तेलीने तिला खुर्ची दिली. देवगडात खाजगी गुप्तहेराचं काय काम, असं लोक तोंडावर हसतात. हसोत बापडे. अडचण आली की त्यांचीच पावलं भक्तीच्या पायरीला लागतात. तिचा सोबती प्रीतम, निवृत्त शाळामास्तर, एक जुनी स्कूटर बाळगून होता आणि कुठलीही गोष्ट सगळ्यांच्या नंतर समजून घ्यायचा.

अनुजाचा नवरा बाबली हा जामसंड्यातला वायरमन, सरकारी परमिट असलेला. गुरुदास तळवडेकरच्या आंबा पॅकिंगच्या शेडचं वायरिंग त्याने जानेवारीत केलं होतं. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तिथला कामगार सर्वेश अनवाणी, ओल्या लादीवरून गेला, आंबे धुवायच्या स्टीलच्या टाकीला त्याचा हात लागला आणि शॉक लागून तो तिथंच गेला. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

"टाकीच्या मोटरीतून करंट उतरला?" प्रीतमने विचारलं.

"मोटर बंद होती, मास्तरानू! बटण बंद. सगळे सांगतत."

"मग तुझ्या नवऱ्यावर आळ कसा?" भक्तीने विचारलं.

"गुरुदासान ह्यांका फोन केल्यान. हे धावत गेले, मेन स्विच पाडल्यानी, मोटरीचो प्लग खोलून बघितल्यानी. गुरुदास म्हणता, स्क्रू ड्रायव्हर घेऊन हे आपली चूक निस्तरत होते. शनिवारी साहेबांनी तपासला तर सगळा बरोबर! वायर बरी, मोटर बरी, अर्थिंग बरा, ती ईएलसीबी पण बरी. म्हणजे कोणीतरी बिघाड दुरुस्त केलो. आणि हात लावलेलो एकच माणूस."

ईएलसीबी म्हणजे करंट जरा बाहेर गळला की क्षणात लाईन तोडणारी डबी. माणसाचा जीव वाचवायला बसवतात ती.

"ती चांगली आहे, तरी त्या वेळी उडाली नाही," भक्ती उठून येरझाऱ्या घालू लागली. तिला बसवत नव्हतं. बाहेर उन्हाने पत्रे तडतडत होते. "प्रीतम, स्कूटर काढा."

पहिला थांबा समर्थचा. तो परवानाधारक ठेकेदार. बाबलीचं काम त्याच्या परवान्याखाली झालेलं आणि टेस्ट रिपोर्टवर सही त्याची. ऑफिसात पंखा फिरत होता तरी त्याच्या कपाळावर घाम होता.

"अर्थिंग स्वतः मोजलंत?"

"बाबलीने मोजलं. मी... सही केली." त्याने मान खाली घातली. "आंब्याच्या हंगामात किती साइट्स असतात, मॅडम!"

"न बघता सही. शाबास! जानेवारीनंतर तिथं काही वाढवलंत?"

"एक पॉइंटसुद्धा नाही. वाढवायचं तर आमच्यासारख्या परवानाधारकाकडूनच करावं लागतं आणि रिपोर्ट नवा लागतो. मालकाने स्वतः फार तर बल्ब नाहीतर फ्यूज बदलावा."

शेडमध्ये गुरुदास अंगणातच भेटला. पन्नाशीचा, रापलेला, हात सतत काहीतरी चाळवणारा. बोलता बोलता त्याने प्रीतमच्या स्कूटरचा मागचा दिवा वाजवून बघितला.

"ह्यो पेटत नाय, मास्तर. वायर सुटली आसा." त्याने खिशातून पक्कड काढली, एक वायर पिळली, दिवा लागला.

"दुसरी वायर?" प्रीतमने विचारलं.

"दुसरी कित्याक? बॉडी आसा मा! ट्रॉलरवर वीस वर्सां इंजिन ड्रायव्हर होतंय. होडयेची सगळी लायटिंग मी असोच करी."

भक्ती आत गेली. बाबलीचं काम नीटनेटकं होतं: सगळ्या वायरी पाईपातून, प्रत्येक प्लगला हिरवी अर्थिंगची वायर. फक्त मेन बोर्डापासून मोठ्या दारापर्यंत भिंतीवर बारीक क्लिपांची एक रांग होती. पाईप नाही, क्लिपा रिकाम्या.

"इथे काय होतं?"

"गाडी भरूक फोकस लावलेलो. फुटलो, काढून टाकलंय." गुरुदास पटकन म्हणाला आणि कामगारांवर खेकसायला गेला.

सर्वेशची बायको रिया याच शेडमध्ये पेट्या भरायची. वाडीत, घराच्या पडवीत ती भिंतीला टेकून बसली होती.

"त्या बाबलीचा नाव माझ्यासमोर काढू नका," ती म्हणाली. "गुरुदासभाऊंनी माका येऊन सांगल्यानी, बाबलीन तुझो घोव मारल्यान."

भक्ती तिच्यासमोर जमिनीवर बसली. "नाही काढत. फोकसाचं सांग."

"फोकस? जुनो, मोठ्या नळीचो. चैतात लावल्यानी. त्या दिवशी लायट चार वेळा गेली, भाऊ त्या डबयेक शिव्या घालीत होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र बरो चाललो. एकदा प्लगात पाणी गेला, आख्खी शेड काळोखात, फोकस मात्र पेटतोच! आम्ही हसलो. मगे शेवटचे दोन-तीन दिवस मंद झालो, मेणबत्तीसारखो."

"सर्वेश पडला तेव्हा?"

"पेटलेलो होतो. सगळ्या लायटी पेटलेल्या होत्या."

भक्तीने तिच्या हातावर हात ठेवला. तीनला शेडमध्ये ये, एवढंच सांगितलं.

शेडच्या मागे, हिरवी वायर जिथे जमिनीत उतरते त्या अर्थिंगच्या खड्ड्यात गुरुदासची आई यशोदा कळशी रिकामी करत होती.

"रोज घालतास, काकी?"

"रोज! बाबलीन सांगल्यान, जांभ्याची जमीन, वैशाखात सुकान दगड होता. मधी आठ दिवस लेकीकडे वैभववाडीक गेलंय, तितक्यात ह्या घडला. शुक्रवारी सकाळी धावत इलंय आणि पयला पाणी घातलंय."

भक्तीने घड्याळ बघितलं. सव्वादोन. "प्रीतम, समर्थला आणि बाबलीला बोलवा. लवकर!"

"कळलं तुम्हाला? मला काहीच नाही कळलं!"

"ते रोजचंच आहे. आधी फोन करा."

तीन वाजता टाकीभोवती सगळे उभे होते. इन्स्पेक्टर साहेब कपाळाला आठ्या घालून, समर्थ कोपऱ्यात, बाबली अनुजाच्या आड, रिया पेट्यांना टेकून, यशोदा दारात. गुरुदासचे हात आता खिशात होते.

"साहेब," भक्ती म्हणाली, "मोटर बंद होती. मग टाकीला करंट कुठून आला? मोटरीचं बटण बंद केलं तरी एक वायर टाकीला जोडलेलीच राहते. हिरवी, अर्थिंगची. करंट त्या वायरीतून आला."

"अर्थिंगमध्ये करंट कोण सोडेल?" साहेब म्हणाले.

"ज्याला दिव्याला एकच वायर पुरते असं वाटतं, तो. होडीवर एक वायर दिव्याला, परतीचा रस्ता इंजिनाच्या बॉडीतून. बारा व्होल्टला ते चालतं. इथे चैत्रात दारावर लावलेल्या फोकसाला एक वायर बोर्डातून दिली आणि दुसरं टोक जवळच्या अर्थिंगला अडकवलं. भिंतीवरच्या क्लिपा बघा, एकाच बारीक वायरीच्या आहेत."

प्रीतमच्या तोंडून "अरेच्चा!" निघालं. स्कूटरचा दिवा त्याला आत्ता आठवला.

"पण ईएलसीबी उडाली असती," समर्थ पुटपुटला.

"उडालीच! पहिल्या दिवशी चार वेळा. मग वायर डबीच्या आधी, मेन स्विचवर जोडली. म्हणून शेड काळोखात असताना फोकस पेटत राहिला. आणि म्हणूनच सर्वेशच्या अंगातून गेलेला करंट त्या डबीला दिसलाच नाही. डबी बरी होती, साहेब. तिला डावलून रस्ता काढला होता."

"मग महिनाभर कोणालाच शॉक कसा लागला नाही?"

"रोज एक कळशी पाणी पडत होतं. ओल्या खड्ड्यातून करंट जमिनीत मुरत होता. पाणी थांबलं, जांभा सुकला, वाट बंद झाली. फोकस मंद झाला आणि अडलेला करंट अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर चढला. टाकीवरसुद्धा. शुक्रवारी परत पाणी पडलं, म्हणून शनिवारी तुम्हाला अर्थिंग ठणठणीत मिळालं."

यशोदाने दाराची चौकट धरली. "मी गेलंय म्हणान..."

"नाही, काकी," भक्ती चटकन म्हणाली. "तुमच्या पाण्याने महिनाभर सगळ्यांना वाचवलं. हे होडीचं वायरिंग करणारा या शेडमध्ये एकच माणूस आहे."

गुरुदास पेटीवर बसला. "फोकस लावूक वायरमन कशाक, असा वाटला," तो म्हणाला. "तो पडलो तेव्हा मी टाकयेक टेस्टर लावलंय. पेटलो. फोकस बंद केलंय, टेस्टर इझलो. तेव्हा समाजला."

"म्हणजे बाबली येण्याआधीच तुम्हाला माहीत होतं," साहेब म्हणाले.

"होय. रातीच वायर ओढून काढलंय."

साहेबांनी शनिवारी ताब्यात घेतलेलं बाबलीचं परमिट बॅगेतून काढून त्याच्या हातात दिलं. अनुजाने ते छातीशी धरलं आणि ती हमसून रडली. समर्थला साहेब म्हणाले, "तुमच्या सहीबद्दल वेगळं बोलू." त्यांच्याबरोबर आलेला हवालदार दारात उभा राहिला.

"थांबा," रिया म्हणाली.

ती गुरुदाससमोर येऊन उभी राहिली. "माझ्या घोवाक अजून जाळूक पण नव्हता, तेव्हा माझ्या पडयेत येऊन तुमी बाबलीचा नाव घेतलास. आता खरा नाव घेवा."

"रिया, माका..."

"नाव घेवा."

गुरुदासने एकदा आईकडे बघितलं. आईने तोंड फिरवलं.

"मी," तो म्हणाला. "सर्वेशाक मी मारलंय."

रियाने मान हलवली, निरोप पोचल्यासारखी. मग ती बाबलीकडे वळली. तो मागे सरकला. चार दिवसांत वाडीत सगळ्यांनी त्याला मागेच सारलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "माझ्या घरातली लायट कोण बघीत नाय आता. उद्या येशात?"

बाबलीने हात जोडले. अनुजाच म्हणाली, "येतले गो. सकाळीच येतले."