मांसावरची खपली

साहेब, तुम्ही शिकार खात्याच्या कागदावर लिहिलंत, ‘मुलाने मांस नीट राखलं नाही, म्हणून हॅना मेली.’ धडधडीत खोटं लिहिलंत आणि शिक्का मारून मोकळे झालात.

कागद वाचून हॅनाचा मुलगा अ‍ॅबेल यापुढे शिकारच नको म्हणत बंदूक नदीत फेकायला निघाला. त्याच्या बायकोने, लीनाने, वरच्या गावातून डोरकसला बोलावलं. लोकांची कोडी सोडवणं हाच डोरकसचा धंदा. तिची होडी भाचा टायटस हाकायचा.

“तीनदा गाळात रुतलो, आत्या. दोन आठवडे पावसाचा थेंब नाही. ही नदी आहे की चिखल?”

“वल्हव. कुरकुर नंतर.”

अ‍ॅबेल मान खाली घालूनच बोलला. “मूस हरणाचा नर पाडला, तिथेच सोलला. कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगला, खाली धूर. दोन दिवसांत खपली धरली. टिचकी मारली तर वाजायची. मग साहेबांनी शिंगं मोजायला सगळंच नेलं. चौथ्या दिवशी परत दिलं.”

लीना म्हणाली, “माझ्या हातात आलं ते बुळबुळीत. वास मात्र नव्हता. वाटलं, ह्यांच्या हातून नदीत पडलं. सासूबाईंसमोर कशाला लाजवू? पट्ट्या कापून वाळवल्या. पहिली पट्टी घरातल्या थोरल्यांची, म्हणून सासूबाईंनी एकट्यांनीच खाल्ली, न शिजवता. दुसऱ्या दिवशी त्यांना एकाचे दोन दिसायला लागले.”

तुमच्या कार्यालयाचा राखणदार ओवेन छाती काढून म्हणाला, “पत्र्याच्या शेडमध्ये होतं. एक माशी बसू दिली नाही.”

डोरकसने उरलेलं मांस आणि पिशव्या उलटसुलट पाहिल्या. मग सगळ्यांना बसवलं.

“पाऊस नाही. नदीत पडलं असतं तर पिशव्यांना गाळ लागला असता. त्या स्वच्छ आहेत. मग ओल कुठली?”

“मांसाचीच?” टायटस चाचरला.

“शाब्बास, उशिरा का होईना. हवा कोंडली की मांस घामेजतं. भर उन्हाळ्यात माशी बसत नाही, म्हणजे घट्ट गुंडाळलेलं. मांसावर चुण्या उमटल्यात आणि पिशवीच्या गाठीत ही निळ्या प्लास्टिकची चिंधी अडकली आहे. आपल्यात कोणी मांस प्लास्टिकात कोंडतं का? कोंडलेल्या उबेत वास न येता विष धरतं. एकाचे दोन दिसणं ही त्याचीच खूण.”

ओवेनची मान खाली गेली. “साहेबांचा हुकूम होता.”

“म्हणजे मी नाही?” अ‍ॅबेलने विचारलं.

“तू नाहीस रे.”

अ‍ॅबेलने ती निळी चिंधी उचलली. “आईने हसत खाल्लं. माझ्या हातचं म्हणून.”

शेड तुमची, प्लास्टिक तुमचं, शिक्का तुमचा. कागदावर नाव मात्र अजून अ‍ॅबेलचं. ते कधी खोडताय, साहेब?